चतुःसीमा लिहा, मग दुकान उघडा

टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाविषयी मला पत्रं येतात. या महिन्यातली जवळपास सगळी खेळातल्या शहरावरची. गुहा, किल्ले, ड्रॅगन यांत कुणी अडलेलं दिसत नाही, अडलेत सगळे बाजारपेठेत. मला नवल वाटलं नाही. ३१ वर्षं नगर भूमापनात भूकरमापक म्हणून काढली, तेव्हा बाजारपेठेत अडलेली माणसं रोजच टेबलासमोर उभी असायची.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो (या पात्रांची टोळी म्हणजे ‘पार्टी’) आणि एक जण, म्हणजे डीएम, उरलेलं सगळं जग होतो: राक्षस, पाऊस, शिपाई, भाजीवाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ साली छापून आणला, तिथून ही सगळी परंपरा. माझा मुलगा इंजिनिअरिंगला असताना त्यांच्यात एकदा गडी कमी पडला. चहा घेऊन आलेल्या मला त्यांनी खाली बसवलं आणि हातात फासे दिले. तो मुलगा आता नोकरीला पुण्यात असतो. मी अजून टेबलाशीच आहे.

मावशी, मी होस्टेलवर डीएम करतो. गुहेत आमची पार्टी वाघ असते. शहरात शिरली की खेळ झोपतो. ‘दुकानात जातो.’ ‘काय हवंय?’ ‘५० फूट दोर, १० मशाली.’ ‘एक सोन्याचं नाणं, वर दहा तांब्याची.’ संपलं. शहरातल्या तयार जागांची पुस्तकं मिळतात म्हणे. त्यानं फरक पडेल का? की आधी शहराचा नकाशा नीट काढू?
— नाशिकहून एक विद्यार्थी

बाळा, नकाशाचं मला सांगू नकोस. पहिल्यांदा डीएम झाले तेव्हा मी तीन आठवडे खपून अख्खं शहर काढलं होतं. ट्रेसिंग पेपरवर, १:५०० मापात, सिटी सर्व्हेचा असतो तसा. २६४ मिळकती, प्रत्येकीला नंबर. पोरांनी नकाशा उलगडला, ‘बाप रे’ म्हणाली, फोटो काढले. मग एकीनं १७३ नंबरावर बोट ठेवलं. ‘मावशी, इथं कोण राहतं?’ मी म्हटलं, मालक. ‘काय करतो?’ मला काही सुचेना. कार्यालयात असते तर मिळकत पत्रिकेचा उतारा काढून दिला असता. त्या संध्याकाळी २६४ पैकी एकाही घराचं दार उघडलं नाही. पार्टी वेशीबाहेर गेली आणि लांडगे मारून आली.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नकाशा राहू दे. पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे.

तयार जागा ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात रिक लूमिस यांची फ्लाइंग बफेलो नावाची कंपनी होती. तिनं १९८२ मध्ये ‘सिटीबुक’चा पहिला भाग काढला. त्याचं उपशीर्षक एका इंग्रजी बालगीतातलं, खाटीक, भटारी आणि मेणबत्तीवाला. अख्खं शहर त्यात नाहीच. नुसती दुकानं आणि आस्थापनं, एकेक सुटी. प्रत्येकाची आतली मांडणी, मालक कोण, हाताखाली कोण, आणि शेवटी त्या जागेवरून गोष्ट कशी सुरू करता येईल याच्या दोनतीन सूचना. शिवाय हे कुठल्याच एका खेळाच्या नियमांना बांधलेलं नव्हतं. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही त्यातलं दुकान उचलून तुझ्या टेबलावर ठेवता येतं. मला हा घाट फार आवडतो. भव्य शहर लिहून देणारे पुष्कळ भेटतात. भटाऱ्याचं दुकान मनापासून लिहिणारे थोडे.

पण ते दुकान तू उचललंस आणि तुझ्या शहरात ठेवलंस, की ते मुळं नसलेल्या रोपासारखं उभं राहतं. आत सगळं आहे, आजूबाजूला काही नाही. इथं माझा धंदा कामाला येतो.

घरात एखादं जुनं खरेदीखत असेल तर काढून वाच. त्यात घराचं वर्णन कसं असतं? किती खोल्या, कुठला रंग, हे नंतर. आधी चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस सामाईक बोळ, उत्तरेस तमक्याची भिंत. म्हणजे घर कुठं आहे हे शेजाऱ्यांवरून ठरतं. भांडणंही तिथलीच. न्हाणीचं पाणी कुणाच्या अंगणात जातं, बोळातून वहिवाट कुणाची, भिंत एकट्याची की सामाईक. घराच्या मधोमधचं भांडण म्हणून माझ्याकडे जे आलं ते भावांच्या वाटणीचं, आणि वाटणी म्हणजे तिथंही सीमा घालणंच. तेव्हा तयार जागा घेतलीस की कागदावर तिच्या चार दिशा लिही आणि प्रत्येक दिशेला एक देणंघेणं.

माझ्या टेबलावरचं उदाहरण देते. मेणबत्त्यांचं दुकान. मालकीण ऑडा, खेळातल्या बुटक्या ड्वॉर्फ जमातीची, विधवा, आवाज चढा, हिशेब पक्का.

पूर्वेस पहाटदेवाचं देऊळ. देवळात रोज ४० मेणबत्त्या लागतात आणि १४ महिन्यांत त्यांनी एक नाणं दिलेलं नाही. नियमांच्या पुस्तकात मेणबत्तीची किंमत एक तांब्याचं नाणं आणि शंभर तांब्याची मिळून एक सोन्याचं. ४२० दिवस धरलेस तर १६,८०० तांब्याची, म्हणजे १६८ सोन्याची नाणी. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या पात्रांचे डोळे एवढ्यानं चमकतात. चमकू देत.

पश्चिमेस खाटीक. स्वस्त मेणबत्ती चरबीची, देवळाला लागते ती मधमाशीच्या मेणाची. पैसे थकल्यापासून ऑडा मेणात चरबी मिसळते. हे खाटकाला कळलंय, कारण ती पूर्वीपेक्षा दुप्पट चरबी उचलते. तो अजून कुणाला बोललेला नाही. दर मात्र वाढवलाय.

उत्तरेस सराफ, भिंत सामाईक. गेल्या अमावास्येपासून रात्री त्या भिंतीत टकटक ऐकू येते. ऑडाला वाटतं सराफ भिंत पोखरून तिची जागा खातोय. सराफाला वाटतं ती पोखरतेय. दोघांचंही चूक आहे.

दक्षिणेस रस्ता, रस्त्याखाली जुनं गटार, आणि गटाराचं झाकण ऑडाच्या ओट्यासमोर. झाकणाला कुलूप न लावण्याबद्दल दर आठवड्याला तिच्या उंबऱ्यावर मेणाच्या गोळीत दाबलेलं चांदीचं नाणं सापडतं. कोण ठेवतं, हे ती विचारत नाही.

आता तुझी पोरं १० मशाली मागायला आत येऊ देत. भिंतीवर पाटी: ‘आज रोख, उद्या उधार.’ पाटीखाली देवळाचा पोरगा टोपली घेऊन उभा, ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणतोय. ऑडा त्याला टोपली भरून देते, कारण देवाला नाही कसं म्हणायचं, आणि सगळा राग तुझ्या गिऱ्हाइकांवर काढते. एवढंच बोल आणि गप्प बस. कुणी ना कुणी विचारतंच, ‘किती थकलेत?’ त्या क्षणी दुकान उघडलं म्हणून समज.

अशी तीनच दुकानं कर, एकमेकांच्या हद्दीला लागून. म्हणजे एकाची पश्चिम ती दुसऱ्याची पूर्व, आणि निम्मं लिहिणं वाचतं. चौथं लागेल तेव्हा पोरंच सांगतील.

एक पोटप्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तुला छळणार आहे: गल्ली किती रुंद काढायची? मॅपवरचा एक चौकोन पाच फुटांचा धरतात. छापील शहरांतल्या गल्ल्या मला नेहमी ऐसपैस वाटतात, चारचार चौकोनांच्या. जुन्या गावातला बोळ एका चौकोनाचा असतो. तिथं दोन चिलखतवाले शेजारी उभे राहू शकत नाहीत आणि गुरं आली की भिंतीला चिकटावं लागतं. बोळ अरुंद कर, मारामारी आपोआप शहरातली होते.

ताई, आमचा चौदा वर्षांचा मुलगा परदेशातून एक जाडजूड ‘सिटी’ पुस्तक मागवायच्या मागे लागलाय. किंमत ऐकून ह्यांना घाम फुटला. एवढ्या जाड पुस्तकाची खरंच गरज असते का? आम्हाला दोघांना यातलं ओ की ठो कळत नाही.
— ठाण्याहून एक आई

गरज नसते. मोह असतो, आणि तो मला पुरता माहीत आहे.

शहरं विकण्याचा उद्योग जवळपास या खेळाइतकाच जुना. १९७६ मध्ये जजेस गिल्ड या कंपनीनं बॉब ब्लेडसॉ यांचं ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ काढलं. भलाथोरला नकाशा, सोबत दुकानांची यादी, कुठं कोण बसतं, किती बळाचं आहे, कुठं काय अफवा आहे. मजकूर पोस्टाच्या तारेसारखा तुटक. पण मला त्यात कार्यालयीन नोंदवहीचा वास येतो, त्यामुळे लोभ. मग शहरं फुगत गेली. २००६ मध्ये मॉन्टी कुक यांचं ‘टोलस’ आलं, ६७२ पानांचं, किंमत १२० डॉलरला एक सेंट कमी. काम उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ६७२ पानं वाचून संपेपर्यंत तुमच्या चिरंजीवांची बारावी होईल आणि खेळणारी मुलं चार गावांना पांगतील.

मुलाला विचारा, तू यातलं किती वापरणार? प्रामाणिक असेल तर म्हणेल, एक गल्ली. मग एक गल्लीच घ्या. २०१८ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ नावाचं साहस, म्हणजे खेळायची तयार गोष्ट, काढलं. वॉटरडीप हे त्यातलं काल्पनिक शहर. ते पुस्तक पूर्ण खेळायला मला तितकं रुचलं नाही, मधल्या भागात पात्रांना नुसतं इकडून तिकडे पळवलंय. पण त्यातली ट्रोलस्कल गल्ली म्हणजे तयार जागा कशी लिहावी याचा वस्तुपाठ आहे. व्होलो नावाचा एक लेखक पात्रांकडून काम करून घेतो. पैसे द्यायची वेळ आली की खिसा रिकामा, म्हणून एका पडीक टॅव्हर्नचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या अड्ड्याचं, मालकीपत्र हातात ठेवतो. टॅव्हर्नमध्ये जुन्या बारवाल्याचं भूत, त्याचं नाव लिफ. बाहेर गल्लीत लोहार जोडपं, जडीबुटीवाला, सुतार, पुस्तकांचं दुकान, एक खाजगी गुप्तहेर, आणि उंडारणारी तीन पोरं. यांचं टॅव्हर्न चालायला लागलं की जळून धंद्यात आडवा येणारा एक प्रतिस्पर्धीही आहे. शिवाय दुकान उघडायचं तर व्यापारी संघांची परवानगी काढा, पैसे भरा. गुप्तहेराचं खरं रूप मी इथं फोडत नाही, कुणाचं खेळायचं राहिलं असेल. बघा, चतुःसीमा छापूनच दिलेली आहे. कुणी शेजारी नसता तर ते टॅव्हर्न नुसती इमारत झाली असती.

नकाशाच हवा असेल तर वाताबू या नावानं काम करणाऱ्या एका प्रोग्रामरनं मध्ययुगीन शहराचा नकाशा काढून देणारं साधन इंटरनेटवर फुकट ठेवलंय. बटण दाबलं की तटबंदी, नदी, चौक, घरं सगळं उमटतं. माझ्या तीन आठवड्यांचं काम तीन सेकंदांत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जरा लागलंच मनाला. छापा, एक गल्ली निवडा, बाकीवर चहाचा कप ठेवा.

आणि तरीही वाढदिवसाला त्याला ते जाड पुस्तक द्यावंसं वाटलं तर द्या. नुसतं चाळण्यातही सुख असतं. फक्त गरज म्हणून देऊ नका.

नमस्कार मॅडम. मी सांगलीत शिक्षक आहे. शाळेतल्या मुलांना हा खेळ शिकवतोय. त्यांना युरोपातली टॅव्हर्न, गिल्ड (धंदेवाल्यांचे संघ) वगैरे परकं वाटतं. हळदीचा बाजार, हरिपूरची पेवं असं आपल्याकडचं घेतलं तर चालेल का? की खेळाचा बाज बिघडेल?

सर, बाज कसला बिघडतोय! पेव ही तर देवानं डीएमसाठीच खोदून ठेवलेली जागा आहे. जी मंडळी सांगलीकडची नाहीत त्यांच्यासाठी: हरिपुरात हळद साठवायला जमिनीत कोठारं खोदत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, भरल्यावर तोंड बंद. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, कारण हवा कोंडलेली असते. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ बाद झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव झालं, पण पेवांचे दिवस गेले.

आता खेळाच्या नजरेनं बघा. परदेशी पुस्तकांत शहराखालचं भुयार आणायचं तर लेखकाला नाना कारणं जुळवावी लागतात, कधी गाडलेलं जुनं शहर, कधी वेड्या जादूगाराचा तळघर-महाल. तुमच्याकडे बाजाराखालीच कोठारं, आणि कारण काय तर हळद. वर व्यापारी, खाली अंधार, मध्ये एक माणूस मावेल एवढं तोंड. मुलांना सांगा, दिवा दोरीनं खाली सोडला आणि तो विझला. बस्स. कुठलाही राक्षस न आणता पाच मिनिटं वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल.

चतुःसीमा इथं दोन करा. जमिनीवरची एक, जमिनीखालची एक. वर दोन पेवांच्या मालकांची हद्द दगडानं आखलेली असेल. खाली पोटं फुगत फुगत किती जवळ आलीत ते कुणी मोजलंय? जमीन एकाची, पेव दुसऱ्यानं भाड्यानं घेतलेलं, आतली हळद तिसऱ्याची, आणि त्या हळदीवर कर्ज काढलंय चौथ्यानं. पेव उघडलं तर हळद निम्मीच. तोंडावरची माती तर कुणी हलवलेली नाही. गेली कुठून? तुमची सातवीची मुलंही एक तासात शेजारच्या पेवाच्या भिंतीपर्यंत पोचतील.

दोन गोष्टी मात्र जपा. गावातल्या खऱ्या माणसांची, पेढ्यांची नावं घेऊ नका. मुलं घरी जाऊन सांगतात, ‘आज आम्ही अमक्या शेठना चोर ठरवलं.’ दुसरी जास्त नाजूक आहे. आपल्याकडचं जुनं शहर घेतलं की आळ्या येतात. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी. नकाशावर गोड दिसतात. पण आळी म्हणजे नुसता धंदा नव्हता, जात होती. कुणी कुठं राहायचं, कुणाचं पाणी कुठलं, हे त्यात ठरलेलं होतं. युरोपी गिल्डच्या जागी डोळे मिटून आळी ठेवलीत तर हे सगळं नकळत टेबलावर येतं, आणि टेबलाभोवती बसलेल्या एखाद्या मुलाच्या आजोबांची ती खरी गोष्ट असते. आणायचंच असेल तर जाणून आणा आणि मोठ्या मुलांबरोबर. लहानांसाठी धंदा धंद्यासारखा ठेवा, ज्याला तांबं ठोकायचंय त्यानं ठोकावं.

आपल्या भागातलं साहित्य मोठ्या कंपन्यांकडूनही थोडं येऊ लागलंय. २०२२ च्या ‘रेडिअंट सिटाडेल’ संग्रहात मिमी मंडल यांनी लिहिलेलं बंगालच्या वळणाचं साहस आहे. मुलांना दाखवा, म्हणजे ‘आपलं चालेल का’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईल.

टॅव्हर्नला मराठीत काय म्हणायचं? आमच्यात यावरून भांडण झालं.
— डोंबिवलीचे चौघे

गुत्ता म्हटलं की पोलीस आठवतात, खानावळ म्हटलं की आमटी. सराई बरी आहे, पण तिथं लोक झोपतात. आम्ही टॅव्हर्नच म्हणतो. नावापेक्षा तिथला दर ठरवा. वॉटरडीपमधल्या ‘यॉनिंग पोर्टल’मध्ये मधोमध विहीर आहे, ती थेट भुयारात उतरते. मालक डर्नन खाली सोडायचं एक सोन्याचं नाणं घेतो आणि वर ओढायचं एक. वर ओढायचं नाणं खाली असताना खिशात उरलं नसलं तर काय, यावर मी एक अख्खा रविवार काढलाय.

आमचे खेळाडू दुकानदाराला सरळ मारून टाकतात आणि गल्ला उचलतात. गावकऱ्याचे प्राण-गुण चारच असतात, एका वारात खेळ खलास. शिपाई आणले तर त्यांनाही मारतात. दुकानदाराला गुपचूप मोठा जादूगार करून टाकू का?
— कोल्हापूर

करू नका, ही डीएमची रडी झाली. शिपायांच्या फौजाही नकोत. चतुःसीमेला विचारा. ऑडा मेली. देवळाची १६८ नाणी बुडवायला मिळाली, पुजारी पार्टीला प्रसाद पाठवतो, आणि तो प्रसाद बघून गावाला काय वाटायचं ते वाटतं. खाटकाची उधारी बुडाली, तो दारोदार सांगत सुटतो. सराफाला टकटक अजून ऐकू येतेय, म्हणजे ऑडाचा काही संबंध नव्हता हे त्याला कळलंय, आणि तिच्याशी भांडल्याचं त्याला वाईट वाटतंय. उंबऱ्यावर नाणं ठेवणाऱ्यांना झाकणाला नवं कुलूप दिसतं. चारही बाजूंनी माणसं दारात येतील. चौघांनाही मारणार असतील तर तुम्ही वेगळा खेळ खेळताय, त्याचं बोलणं फाशांनी होत नाही, चहावर होतं.

मी मेहनतीनं जागा तयार करते आणि पार्टी तिथं जातच नाही.
— औरंगाबादहून एक डीएम

जागा हलते, विसरू नका. त्यांनी उत्तरेची वेस धरली तर ऑडाचं दुकान उत्तरेला होतं. नकाशा छापून दिला नसलात तर कुणाच्या बापाला कळणार नाही. हे नकाशा न काढण्याचं आणखी एक कारण.

पण मला त्याहून आवडणारी युक्ती जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मधली. २०१७ चा हा खेळ डोस्कव्होल नावाच्या एकाच शहरात घडतो, त्याचे १२ भाग. तिथं एखादं संकट वाढत चाललं की एक वर्तुळ काढतात, त्याचे चार, सहा किंवा आठ तुकडे, आणि गोष्ट पुढं सरकली की एकेक तुकडा भरतात. सगळे भरले की संकट कोसळतं. घड्याळ म्हणतात त्याला. मी प्रत्येक हद्दीच्या भांडणाला असं घड्याळ लावते. पार्टी तीन सेशन जंगलात भटकत होती, तोवर सराफाच्या भिंतीच्या घड्याळाचे सहाही तुकडे मी भरून टाकले. परतली तेव्हा भिंत पडलेली, सराफाची पेढी रिकामी, आणि ऑडाच्या दुकानात धुळीनं माखलेली एक अनोळखी कुदळ. ‘हे कधी झालं?’ म्हणून सगळे ओरडले. तुम्ही नव्हता तेव्हा. पुढच्या खेपेपासून शहरात आल्यावर पहिला प्रश्न ‘काय नवीन?’ असतो.

बक्षीस म्हणून सोनं देऊन कंटाळा आला, मावशी. शहरात दुसरं काय देता येतं?
— पुण्याहून एक जुनी मैत्रीण

तू बँकेतली, तुला सोन्याचा कंटाळा येणारच. शहरात बक्षीस म्हणजे हक्क दे. बोळातून वहिवाट, एका खाटेची जागा, बाजारात शुक्रवारची बैठक, एखाद्या पावतीवर साक्षीदाराची सही. सोनं खर्च झालं की विसरतात. वहिवाट मिळाली की पोरं ती मोडणाऱ्याशी भांडायला स्वतःहून जातात.

किंवा आमच्या पार्टीसारखं कर. त्यांनी देवळाकडून ऑडाचे १६८ वसूल करून दिले. कसे, ते विचारू नकोस, त्यात एक बकरी होती. ठरल्याप्रमाणे त्यांचा दहावा हिस्सा, म्हणजे १६ सोन्याची आणि ८० तांब्याची. ऑडा म्हणाली, रोख सगळं मेणवाल्याला गेलं, माल घ्या. एका तांब्याला एक मेणबत्ती. १,६८० मेणबत्त्या मिळाल्या, एकेक तासभर जळणारी, म्हणजे ७० दिवस-रात्र पुरतील अशा. निम्मी चरबीची निघाली. गेले चार रविवार त्या पोत्यात भरून हिंडतायत, एकही विकली गेलेली नाही, आणि काल गुहेत त्या वासावर लांडगे आले.